आईचा प्रश्न आणि रशियन हेलिकॉप्टरं

दसरा आणि दिवाळीच्या मधला रविवार होता. शेजारच्या जैन काकूंना मोहनखेड्याला दर्शनाला जायचं होतं. आमची गाडी रिकामीच होती, म्हणून धारहून आम्ही सगळेच निघालो. आई, काका, मी, आमची ही आणि काकू. धारबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, मोहनखेडा म्हणजे राजगडजवळचं जैन तीर्थ. राजेंद्रसूरींची समाधी तिथेच आहे. त्यांनी रचलेल्या सात खंडांच्या प्राकृत कोशाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. आपण काही जैन नाही, पण धारमधल्या बहुतेक मराठी घरांचं वर्षाकाठी एकदा तरी तिथे जाणं होतंच.

दर्शन झालं, जेवणं झाली आणि आम्ही धर्मशाळेच्या आवारात सावलीला बसलो. एवढ्यात लांबून धडधड ऐकू आली. काकांनी वर न बघताच सांगितलं, "सेव्हन्टीन." मग करड्या रंगाचं एक हेलिकॉप्टर डोक्यावरून महूच्या दिशेनं गेलं. पोरंटोरं हात हलवत धावली.

आईनं पदरानं ऊन आडवलं, वर पाहिलं आणि म्हणाली, "हीच ना हो भाऊजी, ती रशियन? सारखी पडतात ती? चंदीगडला निरोप देऊन बंद केली म्हणाले होते ना टीव्हीवर?"

कोणीच काही बोललं नाही. कारण आमची पुतणी, म्हणजे आईची नात, सध्या वायुसेनेत प्रशिक्षणाला आहे आणि तिला हेलिकॉप्टरसाठी निवडलंय. घरात ही बातमी पेढे वाटून साजरी झाली. पण तेव्हापासून आईची झोप उडालेली आहे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ती बोलत मात्र नव्हती. ते त्या दिवशी मोहनखेड्यात बोलली.

काका पंचाहत्तरीचे आहेत. १९६८ साली एअरमन म्हणून भरती झाले, इंजिन फिटर होते आणि सगळी नोकरी रशियन हेलिकॉप्टरांवरच केली. एरवी फार बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र परतीच्या वाटेवर राजगडपासून धारपर्यंत आणि मग रात्री ओसरीवर तेच बोलत होते. त्यांनी सांगितलेलं आणि मी नंतर वाचून ताडून घेतलेलं एकत्र करून इथे मांडते आहे. आपल्या धार-देवासच्या घरांतून सैन्यात गेलेली माणसं कमी नाहीत, आणि आईसारखा प्रश्न पडणाऱ्या आयाही कमी नसतील.

पहिली गोष्ट नावाची. चंदीगडला २६ सप्टेंबर २०२५ ला निरोप दिला तो मिग-२१ ला. मिग हे लढाऊ विमान. मिकोयान आणि गुरेविच या दोघांच्या नावांवरून मिग. हेलिकॉप्टरांचं घराणं वेगळं. ते मिखाईल मिल या अभियंत्याचं, म्हणून त्याच्या हेलिकॉप्टरांच्या नावाआधी 'मि' लागतं. इंग्रजी अक्षरं सुटी वाचून आपण एमआय-१७ म्हणतो, वर्तमानपत्रं तसंच छापतात, वायुसेनेतली माणसंही तसंच म्हणतात. पण मिग आणि मि यांचं नातं एवढंच की दोन्ही रशियातून आली. मिग-२१ च्या अपघातांची जी बदनामी झाली, ती कानाला सारख्या लागणाऱ्या नावामुळे हेलिकॉप्टरांच्याही गळ्यात पडली. काका म्हणाले, "वहिनी, पंक्तीत वाढणारा चुकला म्हणून आचाऱ्याला बोल लावावा, तसं झालंय हे."

आपल्याकडे आलेलं या घराण्यातलं पहिलं मोठं हेलिकॉप्टर मि-४. रशियात ते १९५२ ला प्रथम उडालं आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या वायुसेनेत आलं. लडाख आणि ईशान्य सीमेवरच्या ठाण्यांना रस्ते नव्हते. पीठ, रॉकेल, औषधं वर न्यायची आणि आजारी जवान खाली आणायचा, हे त्याचं रोजचं काम. त्याचं इंजिन पुढे, नाकात असायचं आणि वैमानिक त्या इंजिनाच्या डोक्यावर बसायचे. काका सांगतात, सकाळी थंडीत ते चालू करणं म्हणजे म्हातारा बैल उठवण्यासारखं होतं. आधी धूर, मग खोकला, मग कुठे पंखा फिरायचा. हात कायम तेलानं काळे. सुट्टीवर घरी आले की आजी त्यांना राखेनं हात घासायला लावायची.

पण याच मि-४ नं १९७१ च्या डिसेंबरात काम केलं ते पुस्तकांत गेलं. पूर्व पाकिस्तानात आपलं सैन्य मेघना नदीपाशी येऊन थांबलं. आशुगंजचा रेल्वेपूल पाकिस्तानी फौजेनं उडवून दिला होता. नदीचं पात्र अफाट. ढाका पलीकडे. नदी ओलांडायला पूल बांधत बसलं असतं तर शत्रूला सावरायला वेळ मिळाला असता. लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांनी ठरवलं की जवानांना हवेतून पलीकडे टाकायचं. वायुसेनेच्या बाजूनं ग्रुप कॅप्टन चंदनसिंग होते. हाताशी चौदाएक मि-४. एका खेपेत डझनभर जवान मावणार. ९ डिसेंबरपासून त्या हेलिकॉप्टरांनी खेपांवर खेपा केल्या. रात्रीसुद्धा, टॉर्चच्या उजेडात खुणा करून उतरवलेल्या. रायपुरा, नरसिंगडी या बाजूला बटालियनमागून बटालियन उतरत गेली. आठवड्यानं, १६ डिसेंबरला, ढाक्यात शरणागती झाली. त्याआधी ७ तारखेला सिल्हेटलाही गोरखा बटालियन याच हेलिकॉप्टरांनी उतरवली होती.

काका त्या वेळी त्या भागात होते. ते युद्धाच्या गोष्टी सांगत नाहीत. इतकंच सांगतात की हेलिकॉप्टर उतरलं की पंखा थांबायच्या आत आम्ही खाली शिरायचो, गळतंय काय, तापलंय काय ते बघायचो आणि अंगठा दाखवायचो. "अंगठा दाखवणाऱ्याचं नाव कुठे लिहिलेलं नसतं. पण वैमानिक त्या अंगठ्यावर उडतो."

मि-४ नंतर आलं मि-८. आपल्याकडे १९७२ पासून. एका पिस्टन इंजिनाच्या जागी दोन टर्बाइन इंजिनं, दुप्पट माणसं, जास्त उंची. काकांचं आयुष्य यावरच गेलं. १९८४ च्या एप्रिलमध्ये सियाचिनवर सैन्य चढवलं तेव्हा माणसं आणि सामान वर नेण्यात मि-८ होती. १९८७ ला श्रीलंकेत शांतिसेना गेली तेव्हाही होती. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात मि-८ मधून कमांडो आणि शीख लाइट इन्फन्ट्रीचे जवान उतरवायचे ठरलं. खाली तमिळ वाघ दबा धरून होते. हेलिकॉप्टरांना इतक्या गोळ्या लागल्या की पुढच्या खेपा थांबवाव्या लागल्या. उतरलेली शीख पलटणीची छोटी तुकडी एकटी पडली आणि एक जण सोडून सगळे कामी आले. काका म्हणतात, गोळ्यांनी चाळण झालेली ती यंत्रं परत आली, हे लोकांना सांगायला हवं. ती पडली असती तर आतली माणसंही गेली असती.

मि-८ ला १७ डिसेंबर २०१७ ला बंगळूरजवळच्या येलहंका तळावर निरोप दिला. पंचेचाळीस वर्षं. काकांनी तो कार्यक्रम मोबाइलवर पाहिला आणि त्या दिवशी जेवले नाहीत. काकूला वाटलं पोट बिघडलंय.

या घराण्यातली दोन भावंडं अगदी निराळी, त्यांचं थोडक्यात सांगते. मि-२५ आणि त्याचं पुढचं रूप मि-३५ ही हल्ला करणारी, तोफा-रॉकेटं लावलेली हेलिकॉप्टरं. मि-२५ आपल्याकडे १९८४ ला आली, श्रीलंकेत लढली आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेसाठी कांगोतही गेली. दुसरं मि-२६, जगातलं सगळ्यात दांडगं हेलिकॉप्टर. आठ पात्यांचा पंखा, वीस टन ओझं. आपण चारच घेतली. केदारनाथच्या पुरानंतर तिथे बांधकामाची अवजड यंत्रं नेली ती त्यानंच. रस्ता वाहून गेलेल्या ठिकाणी बुलडोझर हवेतून उतरतो, हे लोकांनी तेव्हा पाहिलं.

आता त्या रविवारी मोहनखेड्यावरून गेलेलं मि-१७. दिसायला मि-८ चंच भावंड, पण इंजिनं जास्त ताकदीची. ओळखायची सोपी खूण काकांनी सांगितली. शेपटीचा छोटा पंखा मि-८ ला उजव्या अंगाला असतो, मि-१७ ला डाव्या. आणि नव्या व्ही-५ ला मागे दोन फाळक्यांच्या दाराऐवजी खाली उघडणारा उतार असतो, डॉल्फिनसारखं नाक असतं. हे व्ही-५ आपल्याकडे २०१२ च्या फेब्रुवारीत दाखल झालं आणि एकूण १५१ घेतली. रशियातल्या कझानच्या कारखान्यात बनलेली. मि-८ आणि मि-१७ मिळून जगात बारा हजारांहून जास्त बनली आहेत. जगात सगळ्यात जास्त बनलेल्या हेलिकॉप्टर घराण्यांत याची गणना होते.

कारगिलला १९९९ साली मि-१७ वर रॉकेटं लावून टोलोलिंगच्या बाजूला हल्ल्याला पाठवलं. २८ मे ला त्यांतलं एक शत्रूच्या क्षेपणास्त्रानं पाडलं. स्क्वॉड्रन लीडर पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट मुहिलन, सार्जंट प्रसाद आणि सार्जंट साहू हे चौघे गेले. क्षेपणास्त्राला चकवणारे ज्वाळांचे फटाके सोडायची सोय त्या हेलिकॉप्टरात चालू स्थितीत नव्हती. त्यानंतर तिथे मि-१७ ला हल्ल्याच्या कामावरून काढून घेतलं. ओझं वाहायला बनवलेल्याकडून आपण लढाऊचं काम मागितलं होतं. हा दोष कुणाचा, यंत्राचा की मागणाऱ्याचा?

इथपर्यंत आई ऐकत होती. मग तिनं विचारलं, "आणि नाशिकचा तो मुलगा? तो कसा गेला?"

आईला नाव आठवत नव्हतं, पण मुलगा आठवत होता. स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे. नाशिकच्या भोसला सैनिकी शाळेत शिकलेला, औरंगाबादच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेतून पुढे गेलेला, आपल्यातलाच. वय अवघं ३३. घरी बायको आणि दोन वर्षांची लेक.

तारीख २७ फेब्रुवारी २०१९. बालाकोटनंतरचा दिवस. त्या सकाळी आपल्या आणि पाकिस्तानी विमानांची हवेत गाठ पडली, आणि अभिनंदन वर्धमान यांचं मिग-२१ पडून ते पाकिस्तानच्या हाती लागले. सगळा देश टीव्हीसमोर बसून अभिनंदनची वाट बघत होता. त्याच सकाळी, त्याच धामधुमीत, श्रीनगरहून उडालेलं एक मि-१७ व्ही-५ दहा मिनिटांत बडगाममध्ये कोसळलं. आतले सहाही जण गेले, खाली गावातला एक माणूसही गेला. एका दिवसात एक मिग आणि एक मि. लोकांच्या डोक्यात दोन्हीचा काला झाला तो तिथेच. त्या दिवशी आमच्या घरातही कोणीतरी म्हटलंच होतं, रशियन डबडं, दुसरं काय. मला भीती आहे की ते मीच म्हटलं असेन.

खरं काय झालं होतं ते पुढे चौकशीत निघालं. ते हेलिकॉप्टर बिघडलं नव्हतं. शत्रूनंही पाडलं नव्हतं. आपल्याच तळावरून सोडलेलं आपलंच क्षेपणास्त्र त्याला लागलं होतं. वायुसेनेचे प्रमुख एअर चीफ मार्शल भदौरिया यांनी ४ ऑक्टोबर २०१९ ला ही आपली मोठी चूक होती, असं जाहीरपणे मान्य केलं. म्हणजे घटनेनंतर सात महिन्यांनी. जबाबदार अधिकाऱ्यांवर पुढे लष्करी कारवाई झाली. २०२० च्या प्रजासत्ताकदिनी निनाद आणि त्याचा साथी वैमानिक सिद्धार्थ वशिष्ठ यांना मरणोत्तर वायुसेना पदक जाहीर झालं. पण सात महिन्यांनी आलेली खरी बातमी किती घरांपर्यंत पोचली? आमच्या घरापर्यंत ती पोचायला सहा वर्षं लागली, तीही मोहनखेड्याच्या निमित्तानं.

दुसरा अपघात सगळ्यांना आठवतो. ८ डिसेंबर २०२१, जनरल बिपिन रावत. सुलूरहून वेलिंग्टनला जाताना कुन्नूरजवळ मि-१७ व्ही-५ कोसळलं. चौदा जण होते. त्यात आपल्या शेजारच्या सिहोर जिल्ह्यातल्या धामंदा गावचे नायक जितेंद्र कुमार होते. देवासहून भोपाळला जाताना आपण सिहोरवरून जातो, त्याच भागातला जवान. एकटे ग्रुप कॅप्टन वरुणसिंग आठवडाभर झुंजले, १५ तारखेला गेले आणि त्यांचे अंत्यसंस्कार भोपाळला झाले. तिन्ही दलांच्या चौकशीनं सांगितलं की यंत्रात बिघाड नव्हता, घातपातही नव्हता. दरीत हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, वैमानिकांना दिशेचं भान राहिलं नाही आणि ते डोंगराला धडकलं.

काकांनी इथे एक गोष्ट खरी सांगितली, ती मी लपवत नाही. यंत्रं बिघडतातच. मि-२६ मधलं एक २०१० ला जम्मूला कोसळलं. सोव्हिएत संघ मोडला तेव्हा सुटे भाग मिळायची मारामार झाली. मि-१७ च्या इंजिनांचा मोठा कारखाना युक्रेनमध्ये, झापोरिझिया शहरात आहे, आणि हेलिकॉप्टर बनतं रशियात. आता त्या दोघांचंच युद्ध चाललंय. याचा ताण देखभाल करणाऱ्यांवर येणारच. "पण वहिनी," ते म्हणाले, "ज्या दोन अपघातांनी तुमची झोप उडवली, त्या दोन्हींत यंत्रानं दगा दिलेला नाही."

मग पुराचं निघालं, कारण तो आपण सगळ्यांनी पाहिलाय. २०२१ च्या जुलैत कोकण बुडालं तेव्हा चिपळूण-रत्नागिरीकडे वायुसेनेनं मि-१७ धाडली. आमच्या मावशीची लेक चिपळूणला असते, त्या रात्री आमच्याकडे कोणी झोपलं नव्हतं. पंधरवड्यात आपल्या मध्य प्रदेशात शिवपुरी, श्योपूर, दतिया पाण्यात गेले आणि तिथेही हेच. दतिया जिल्ह्यात तर पूरग्रस्तांकडे बोटीनं गेलेले राज्याचे गृहमंत्रीच अडकले आणि त्यांनाही वायुसेनेच्या हेलिकॉप्टरनं दोरानं वर ओढून घेतलं.

आणि आपला कारम धरणाचा प्रसंग. धार जिल्ह्यात धरमपुरी तहसिलीत कोठीदा गावाजवळ ३०४ कोटींचं धरण बांधलं जात होतं. ११ ऑगस्ट २०२२, राखीचा दिवस, आणि धरणाच्या भिंतीतून पाणी झिरपायला लागलं. धार आणि खरगोनची मिळून अठरा गावं रिकामी केली. आग्रा-मुंबई रस्ता थांबवला. सैन्याची तुकडी आली आणि वायुसेनेची दोन हेलिकॉप्टरं सज्ज ठेवली. पोकलेननं बाजूनं चर खणून १४ तारखेला पाणी सोडलं आणि एकही माणूस दगावला नाही. त्या चार दिवसांत आई रोज विचारायची, "हेलिकॉप्टरं आलीत ना?" आमचे धामणोदचे नातेवाईक होते ना तिकडे. तेव्हा ती कुठल्या देशातून आली, पडतात का, असं तिनं एकदाही विचारलं नव्हतं. मी तिला हे आठवून दिलं. ती म्हणाली, "तेव्हा आत माझं कोणी नव्हतं बसलेलं."

याला उत्तर नाही. काकाही गप्प झाले.

थोड्या वेळानं त्यांनी मोबाइलवर एक फोटो शोधून आईला दाखवला. २७ मे २०१९ ला मि-१७ व्ही-५ पहिल्यांदाच सगळ्या महिलांनी मिळून उडवलं, त्या तिघींचा. वैमानिक पारुल भारद्वाज आणि अमन निधी, आणि फ्लाइट इंजिनीअर हिना जयस्वाल. वायुसेनेत मुलींना वैमानिक म्हणून घेतलं ते १९९४ पासून, तेही सुरुवातीला वाहतुकीच्या विमानांवर आणि हेलिकॉप्टरांवरच. आईनं तिघींकडे बराच वेळ पाहिलं. मग बोट ठेवून विचारलं, "ही तिसरी काय करते?"

"ही यंत्र बघते, वहिनी. हवेतच बसून. माझंच काम, पण मी जमिनीवरून करायचो."

आईच्या माहेरची माणसं देवासला थोरल्या पातीच्या पागेत होती. तिला घोड्यांच्या गोष्टी लहानपणापासून पाठ. ती म्हणायची, घोडा कितीही अस्सल असो, मोतद्दार आळशी असला की स्वार पडणार. त्या रात्री ती हेच म्हणाली, जरा निराळ्या शब्दांत. "म्हणजे घोड्याला नावं ठेवून उपयोग नाही. मोतद्दार बघायचा."

दुसऱ्या दिवशी नातीचा फोन आला. आई नेहमी विचारते, जेवलीस का, थंडी आहे का. त्या दिवशी तेही विचारलं आणि पुढे म्हणाली, "तुझ्या हेलिकॉप्टरचं इंजिन कोण बघतं गं? त्याचं नाव काय? त्याच्याशी नीट बोलत जा. दिवाळीचा फराळ पाठवते आहे, त्यालाही दे." पलीकडे पोरगी हसत होती. आई हसत नव्हती. ती अजूनही रात्री उठून बसते, हे खरं आहे. पण आता रशियन डबडं असं घरात कोणी म्हणत नाही, आणि निनादचं नाव आईला पाठ झालंय.

धार, देवास, इंदूर, महू... तुमच्यापैकी कितीतरी घरांत असे काका, मामा, आजोबा असतील, ज्यांनी कधी उडवलं नाही पण अंगठा दाखवला. त्यांचं कुठे काही लिहिलेलं नसतं. ते आहेत तोवर त्यांना विचारा आणि इथे लिहा. कुठल्या साली भरती झाले, कुठल्या यंत्रावर होते, कुठे होते. चुकलं तर आमचे काका दुरुस्त करतील, ते सगळे प्रतिसाद चष्मा लावून वाचतात.